तोंडात न घेण्याचं नाव

भाताच्या कुकरचं बटण टक्कन वर उडालं, आणि मग कुठे घरातल्या माणसांना आपण श्वास घेत नव्हतो हे कळलं.

येनच्या हातातली कोथिंबीर कारल्याच्या सूपावर तशीच अधांतरी राहिली होती. पूर्वजांच्या कपाटापुढे तिचे थोरले दीर ताम हात जोडून उभे होते. नुकतंच त्यांनी ओठांतल्या ओठांत पुटपुटून आपल्या आजीला श्राद्धाच्या जेवणाला बोलावलं होतं. वर्षातून एकदा, याच दिवशी, घरातल्या थोरल्या पुरुषानं तेवढं ते नाव घ्यायचं. तेही असं, की शेजारी उभं असलेल्यालाही ऐकू जाऊ नये. आणि नेमकं तेच नाव तोमनं दारात उभं राहून धक्क्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात घेतलं होतं.

"माझी आई थोआ नाहीये! सांगा ना मितला कुणीतरी!"

येनची मुलगी तोम सहा वर्षांची. एक चप्पल पायात, एक हातात. वेणी सुटून अर्धी तोंडावर आलेली, आणि ती रडत नव्हती. रागानं तिचे कान लाल झाले होते. येनला त्या क्षणी सगळं सोडून आधी तिची वेणी घालावीशी वाटली.

"अगं बाई!" ताम वहिनी आधी सावरल्या. "फोटोसमोर! भरल्या ताटासमोर! हेच शिकवलंय का गं हिला?"

"तिनं मितकडून ऐकलं," येन म्हणाली. "मितनं कुणाकडून ऐकलं ते तुम्ही विचारा वहिनी, तुमचीच मुलगी आहे."

"म्हणजे मी शिकवलं?"

"मी कुठे तसं म्हटलं?"

"गप्प बसा," ताम मागे न वळता म्हणाले. "उदबत्ती जळतेय. ती विझेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. पोरांना बाहेर काढा."

तोमला कुणीतरी अंगणात ओढून नेलं. तिला कळलंच नव्हतं आपण काय केलं ते. कळणार तरी कसं? या घरात ते नाव कुणी घेतच नाही. वडीलधाऱ्यांची नावं या भागात तोंडात घेत नाहीत. कितवं मूल त्यावरून हाक मारतात. सहावा तो साउ, आठवा तो ताम, नववा तो चिन, शेंडेफळ ते उत. आणि नवऱ्याचा नंबर तोच बायकोचा. मेलेल्या पणजीचं खरं नाव घरातल्या पोरांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तोमच्या दृष्टीनं थोआ ही शिवी होती. नदीकाठच्या सगळ्याच पोरांच्या दृष्टीनं होती.

येन खाली समुद्राकडच्या गावची. तिच्या माहेरी हा शब्द सगळे सर्रास वापरत. वरून टपोरं हिरवं आणि कापल्यावर पांढरं निघालेलं कलिंगड थोआ. नवा रंग दिलेली पण बुडाची फळी कुजलेली होडी थोआ. साखरपुडा थाटात होऊन मोडलेलं लग्न थोआ. आणि घरी एक सांगून दुसरीकडेच जाणारी बायको तर थोआच थोआ. पुरुषाला कधी कुणी थोआ म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. त्या शब्दाच्या मागे एक बाई होती, ती चटया विणायची, तिला लेकरं होती, हे तिकडे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. लग्न होऊन पहिल्याच आठवड्यात या स्वयंपाकघरात पपई चिरताना ती सहज म्हणाली होती, "ही पण थोआच निघाली की." सासूबाईंनी सुरी खाली ठेवली आणि उठून गेल्या. संध्याकाळपर्यंत कुणी तिच्याशी बोललं नाही. शेवटी सासऱ्यांची धाकटी बहीण, उत आत्या, तिला मागच्या विहिरीपाशी घेऊन गेल्या. "चिडू नकोस हं," त्या म्हणाल्या होत्या, "ते माझ्या आईचं नाव आहे."

आज तोच शब्द मितनं येनला लावला होता. नऊ वर्षांच्या मितला तो आपोआप सुचला नसणार. आणि आजच लावला होता, जेवणं झाल्यावर तोमचं काय करायचं ते ठरणार होतं त्याच दिवशी.

येननं खिडकीतून पाहिलं. तोम कोंबड्यांच्या खुराड्यापाशी उकिडवी बसून हातातली चप्पल मातीत आपटत होती. येनला दोन महिन्यांपूर्वी शहरातल्या बुटांच्या कारखान्यात, नवरा चिन जिथे काम करतो तिथेच, शिलाईच्या मशीनवर जागा मिळाली होती. ती जाणारच होती. प्रश्न एवढाच होता की ही पोर तिच्याबरोबर जाणार, की इथे आजीच्या मागावर लव्हाळी ओवायला राहणार.

*

येनच्या सासूबाई, साउ आजी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या समोर कपाटावर दोन फोटो होते, सासऱ्यांचा आणि सासूचा. सासऱ्यांचा शहरातल्या स्टुडिओतला, कोट उसना घेतलेला. सासूचा ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळे नाक थोडं पसरट आलेलं.

तोमनं ते नाव घेतलं तेव्हा आजींना राग आला नव्हता. त्यांना आधी वाटलं, कुणी गिऱ्हाईक आलंय.

कारण त्यांनी तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो शिव्यांतला नव्हताच. त्या अठरा वर्षांच्या, नुकतंच लग्न झालेल्या, सासूच्या मागून कावडीचं एक टोक धरून बाजारात शिरल्या होत्या, आणि धक्क्यावरूनच बायका हाका मारत होत्या, "थोआ आहे का? आज थोआ आणलीत का?" चटई म्हणायची गरजच नव्हती. ज्या बाईच्या हातची, तिच्या नावानं चटई विकली जायची, आणि या काठावर त्या हाताला तोड नव्हती. एक लव्हाळी या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड. मध्ये जोड नाही. लग्नाच्या पलंगावर घालायची चटई म्हणजे थोआच हवी; मुलीकडचे लोक अडून बसायचे. 'ती पोरगी थोआ आहे' असं एखादी म्हातारी म्हणाली की मुलीच्या आईला भरून यायचं.

मग पंचांगातल्या घोड्याच्या वर्षीचा पूर आला आणि उभी लव्हाळी कुजवून गेला.

चटई दोघींनी विणायची असते. एकीनं मागावर बसून फणी ठोकायची, दुसरीनं बाजूला बसून काठीनं एकेक लव्हाळी ओवायची. ओवणारी नेहमी धाकटी. त्या वर्षी नववर्षाचा सण तोंडावर आला तेव्हा सासूबाई मागावर नव्हत्या. मागच्या खोलीत, खाटेखाली निखारे ठेवून, आठवड्याच्या उतला कुशीत घेऊन पडल्या होत्या. बाळंतिणीचा महिना, उठून पडवीत यायचीसुद्धा सोय नाही. फणी सासऱ्यांनी हातात घेतली. लव्हाळीही त्यांनीच कुठूनशी आणली होती, हातभर लांबीची, तुटकी. "मधे जोड घाल," ते म्हणाले. "शेवटच्या दीड हाताला तेवढी लांब लाव. गुंडाळली की तेवढंच दिसतं."

साउनं मधे जोड घातले. सून नवी होती, सासरा सांगत होता. पण हात तिचाच होता. आपला हात ओळखायला माणसाला फोटो लागत नाही.

सण झाला. पंधरा दिवसांतच चटया मधोमध उसवल्या. लोक होड्या घेऊन धक्क्यावर आले, नुकती लग्न झालेल्या मुलींचे बाप आले, आणि त्यांनी चटया पायरीवर आपटल्या. सासरे काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी कधी बायकोवर हात उगारला नाही. ते फक्त म्हणाले, "बायकोनं विणल्यात. मला काय ठाऊक तिनं आत काय घातलंय." एवढंच. साउ त्यांच्या मागे टोपली घेऊन उभी होती. तिनं टोपली या हातातून त्या हातात घेतली.

ते एक वाक्य मग होड्यांतून खाली खाली गेलं. कलिंगडाला लागलं, होड्यांना लागलं, मोडलेल्या लग्नांना लागलं. आजही या बाजारात चटई पूर्ण उलगडून दाखवल्याशिवाय कुणी घेत नाही, आणि का ते कुणी विचारत नाही.

महिना पुरा करून सासूबाई बाजारात गेल्या त्या भरल्या कावडीनिशी परत आल्या. कुणालाही काही बोलल्या नाहीत. मागावर बसल्या, फणी हातात घेतली, आणि ओवायला बसलेल्या साउकडे एकदा बघितलं. एकदाच. मग म्हणाल्या, "घाल." त्यानंतर तीस वर्षं दोघी एकाच मागावर बसल्या, रोज, आणि तो विषय निघाला नाही. नांदत्या घरची, लेकुरवाळी, नवरा धडधाकट. पण लग्नाच्या पलंगावर चटई अंथरायला सासूबाईंना पुन्हा कुणी बोलावलं नाही. ते बोलावणं साउला येऊ लागलं. नवरा जाईपर्यंत साउनं किती पलंग सजवले याला गणती नव्हती. आता ते आमंत्रण ताम वहिनींना येतं.

उदबत्तीची राख वाकली आणि गळून पडली.

"घ्या ताटं खाली," आजी म्हणाल्या.

*

उत आत्यांनी जेवायला बसताना मुद्दामच येनच्या शेजारची जागा घेतली. त्या बाजारात शेवयांच्या सूपाची गाडी लावतात. आवाज गाडीवरचाच, घरात आला तरी लहान होत नाही.

"अंडं वाढ गं मला. दोन वाढ. श्राद्ध माझ्या आईचं आहे, मी लाजायचं कारण नाही."

नारळपाण्यात शिजलेलं डुकराचं मांस, अंडी, भाजलेला मासा, कारल्याचं सूप, सगळं चटईवर मधोमध. पुरुषांकडे भाताच्या दारूचा एकच पेला हातोहात फिरत होता. चिन मान खाली घालून भाजलेल्या माशातले काटे वेचत होता. रात्रभर बसमधून आलेला माणूस, डोळे सुजलेले. येन त्याच्याकडे बघत होती. त्यानं वर बघितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"विषय निघालाच आहे," ताम म्हणाले, "तर आत्ताच बोलून घेऊ. येनला शहरात जायचंय. जाऊ दे. नवरा तिकडे आहे, मी आड येणार नाही. पण पोर इथे राहील."

"ती माझ्याबरोबर येणार आहे, दादा," येन म्हणाली.

"कुठे ठेवशील? त्या कारखान्याच्या खोल्या मी बघितल्यात. संडासाला रांग. तू दिवसभर मशीनवर, हा दिवसभर गोंदाच्या वासात. पोरीनं काय जिन्यात बसायचं?"

"शेजारची एक बाई सांभाळते. शाळेत नाव घालू."

"शेजारची बाई!" ताम वहिनींनी जेवणाच्या काड्या ताटलीवर ठेवल्या. "स्वतःची आजी सोडून शेजारची बाई. आणि आईंच्या मागावर ओवायला कोण? मी बसू? माझी कंबर बघितलीय का?"

"तुमची मित आहे ना."

"मितला परीक्षा आहेत."

"तोमलाही शाळा आहे, वहिनी. फक्त तिच्या परीक्षा कुणाला दिसत नाहीत."

उत आत्या खुदकन हसल्या. ताम वहिनींना ते लागलं.

"मी बोलणार नव्हते," त्या म्हणाल्या, म्हणजे आता बोलणार होत्या. "पण तो तरीवाला नावाडी मला काय विचारतो? 'तुमची धाकटी जाऊ नदीपलीकडे चटया उतरवते, आणि मग दुपारभर कुठे जाते हो?' मी काय उत्तर देऊ? माझी मान खाली गेली."

चिननं आता वर बघितलं; पण येनकडे नाही, भावाकडे.

"शिलाई शिकायला," येन म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा शांत आला. "मशीनवर बूट शिवायला शिकवतात तिथे. दुसरं काय वाटलं तुम्हाला?"

"मग सांगून जायला काय धाड भरली होती?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंत?"

"बघा!" ताम वहिनींनी सगळ्यांकडे बघत हात पसरले. "कबूलच करतेय. घरात एक, बाहेर एक. मी तो शब्द नाही हो वापरत, आईंसमोर. पण त्याला शब्द आहे."

"वापर की," उत आत्या म्हणाल्या.

"काय?"

"शब्द. वापर. लाजू नकोस. माझ्याच आईचा आहे, मी परवानगी देते. धक्क्यावर सगळे वापरतात, माझ्या गाडीवर सूप पीत पीत वापरतात. 'आत्या, तुमचं सूप थोआ नाही ना, तळाला कोळंबी आहे ना?' मी म्हणते, आहे बाबा, ढवळून बघ."

"आत्या," ताम म्हणाले, "फोटोसमोर."

"फोटोतलीचंच नाव घेतेय, ताम. तिला घेऊ दे की जरा ऐकून. वर्षातून एकदा तू पुटपुटतोस, तेवढ्यानं ती येते तरी का कुणास ठाऊक."

साउ आजींनी भाताची वाटी खाली ठेवली. "उत, जेव."

"जेवतेय साउ वहिनी. जेवता जेवता एक विचारू? मी कधी जन्मले?"

"हे काय मधेच."

"मधेच नाही. आपण थोआचंच बोलतोय ना? मला आई सांगायची, मागच्या खोलीत निखारे, धूर, बाहेर सणाचे फटाके, आणि तिला पडवीत येऊ देत नव्हते. तुम्ही तिला भात नेऊन द्यायचात."

"असेल. कोण लक्षात ठेवतं?"

"तुम्ही ठेवता! कुणाच्या लग्नाला कुठल्या रंगाची चटई गेली ते तुम्हाला आजीच्या आजीपासून पाठ आहे." उत आत्यांचा आवाज पहिल्यांदाच गाडीवरचा राहिला नाही. "मला पहिला मुलगा झाला ना, तेव्हा मी महिनाभर तशीच पडले होते. पाठ भाजून निघाली. पडल्या पडल्या दुसरं काय करणार, विचार करत होते. म्हटलं, अशा बाईला मागावर कुणी बसवेल? आणि मग म्हटलं, त्या सणाला माग तर चालू होता. मग तो चालवत कोण होतं?"

येनच्या हातातली पळी सूपात बुडाली ती तिनं काढली नाही. तिला चटया विणता येत होत्या. फणी कोण ठोकतं आणि ओवतं कोण, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं सासूबाईंच्या हातांकडे बघितलं. ते मांडीवर एकात एक घट्ट गुंतलेले होते.

"काय म्हणायचंय काय तुला आत्या?" तामना खरंच कळलं नव्हतं. "कोण चालवत होतं म्हणजे?"

"तोम आईबरोबर जाईल," साउ आजी म्हणाल्या.

"आई?"

"पोर आईपाशी शोभते. मी सांगतेय. ताम, तुझं जेवण थंड होतंय."

"पण आई, कालच तू म्हणालीस, माग बंद पडेल—"

"पडू दे. बाजारात आता मशीनच्या चटया मिळतात. म्हातारी झाले मी. डोळ्यांना दिसत नाही, जोड कुठे लागतो नि कुठे नाही." त्यांनी उतकडे बघितलं. "झालं ना? झालं ना आता?"

*

उत आत्यांनी अंड्याचा अर्धा तुकडा काड्यांत धरून ठेवला होता.

आणखी एक वाक्य पुरलं असतं. तेही लांब नाही. 'तुम्ही ओवलंत, बाबांनी ठोकलं, आणि आईच्या नावावर घातलं.' धक्क्यावरचे लोक काही ऐकणार नव्हते, शब्द एकदा नदीत पडला की त्याला परत कोण आणणार. पण निदान या चटईवर बसलेल्यांनी ऐकलं असतं. निदान त्या पसरट नाकाच्या फोटोनं ऐकलं असतं.

पण त्या वाक्यानंतर साउ वहिनी काही द्यायला बांधील राहिल्या नसत्या. लाज गेलेल्या माणसाला सौदा करायचं कारण उरत नाही. ताम उठून उभा राहिला असता, आजोबांची बाजू घेऊन ओरडला असता, चिननं मान खाली घातली असती, आणि संध्याकाळी येनला एकटीला तरीच्या होडीवर सोडलं असतं. आणि एक होतं. आईचं दूध आटलं तेव्हा हीच साउ वहिनी गावभर फिरून ओल्या बाळंतिणी शोधायची, उतला पदराखाली घेऊन. ते तिनं अपराधी वाटून केलं की मायेनं, हे उतला आयुष्यभर ठरवता आलं नव्हतं. पोट मात्र भरलं होतं.

शेजारी बसलेल्या येनचा गुडघा उतच्या गुडघ्याला लागत होता.

"मलाच नीट आठवत नाही," उत आत्या म्हणाल्या. "आई म्हातारपणी काहीही सांगायची. फटाके कुठले, ढग गडगडत असतील. पावसाळ्यातच झाले असेन मी."

"पावसाळ्यातच," साउ आजी म्हणाल्या.

"हो. पावसाळ्यातच." त्यांनी अंडं तोंडात घातलं आणि बराच वेळ चावत राहिल्या. "मीठ कमी पडलंय गं येन. मासळीचा रस दे इकडे."

चिननं सुटकेचा श्वास टाकला तो सगळ्यांना ऐकू आला. "झालं तर मग," तो म्हणाला आणि पेला भावाकडे सरकवला. "दादा, घ्या."

येननं बाटली उचलून आत्यांना दिली. देताना दोघींची बोटं लागली. 'आत्या, बोला,' असं तिला म्हणता आलं असतं. तिनं झाकण उघडून दिलं. आपण काय घेतलं आणि कुणाच्या नावावर घेतलं, हे तिला नीट कळत होतं. आणि तरी तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, की तोमचे दोन फ्रॉक अजून दोरीवर वाळत आहेत ते विसरायला नकोत.

ताम वहिनींनी मात्र हार मानली नव्हती. "पोर जाईना का," त्या म्हणाल्या, "पण पूर्वजांपुढे जे केलं ते तसंच ठेवून जायचं नाही. जायच्या आधी माफी मागायला हवी. नाहीतर घराला लागेल."

"ते बरोबर आहे," ताम म्हणाले. निदान एवढं तरी आपलं ऐकलं जावं असा त्यांचा चेहरा होता. साउ आजी भिंतीला धरून उठल्या. उत आत्याही उठल्या.

येन तोमला आणायला बाहेर गेली. तोम अजून खुराड्यापाशीच होती. तिनं एका कोंबडीला मांडीवर घेतलं होतं आणि तिला हळू आवाजात काहीतरी समजावत होती.

"चल बाळा, आत."

"मारणार?"

"नाही. कुणी नाही मारणार. आपण शहरात जाणार आहोत, बाबांकडे. तू पण."

"कोंबडी पण?"

"कोंबडी नाही." येननं तिची सुटलेली वेणी हातात घेतली, पण रबर कुठे सापडेना, तेव्हा आपल्याच केसांतलं काढून बांधलं. तोमच्या मानेला घामाचा आणि कोंबडीच्या पिसांचा वास येत होता. "आधी एक काम आहे. पणजीसमोर उदबत्ती लावायची आणि म्हणायचं, पणजी, मी चुकले, माफ कर. म्हणशील?"

"मी काय चुकले?"

"वाईट शब्द बोललीस ना."

"मित बोलली. मी तर नाही म्हटलं. तू तशी नाहीस म्हटलं."

"तरीपण. तो शब्द तोंडात आणायचा नाही. कधीच. वाईट आहे तो. कळलं?"

तोमनं मान हलवली. ती शहाणी होती. एकदा सांगितलेलं ऐकायची.

आत सगळे कपाटापुढे उभे होते. तामनी तीन उदबत्त्या पेटवून तिच्या हातात दिल्या. त्या तिच्या मुठीत मावत नव्हत्या, म्हणून येननं मागून तिच्या हातांवर आपले हात धरले. धूर सरळ वर गेला. तोमनं एकदा उसन्या कोटातल्या माणसाकडे बघितलं, एकदा पसरट नाकाच्या बाईकडे. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि मान वर करून आईकडे बघितलं.

"नुसतं पणजी म्हटलं तर तिला कळेल का मी तिच्याशीच बोलतेय?" ती कुजबुजली, पण खोली एवढी शांत होती की सगळ्यांनी ऐकलं. "तिला नाव असेल ना काहीतरी? आई, काय नाव होतं तिचं?"